शेतातल्या आखाड्यावरची लेकरे आणि कोंबड्या : पहिल्या वर्षाचे सविस्तर मार्गदर्शन

दोन-तीन एकर शेती, खरिपात सोयाबीन आणि तूर, जमलेच तर थोडी कपाशी, दावणीला एखादी म्हैस, आणि घरात शाळेत जाणारी दोन-तीन लेकरे, असे कुटुंब कोंबड्या पाळायचे ठरवते, तेव्हा पहिला प्रश्न बहुधा जातीचा किंवा उत्पन्नाचा निघतो. माझ्या मते तो तिसरा-चौथा प्रश्न आहे. परसातल्या कोंबड्यांकडे प्रत्यक्षात घरातील बाई आणि लेकरेच पाहतात, त्यामुळे लेकरे किती आहेत, कोणत्या वयाची आहेत, दिवसा त्यांच्याजवळ मोठे माणूस कोण असते आणि त्यांच्या ताटात आठवड्याला किती अंडी जावीत अशी आपली इच्छा आहे, हे आधी ठरले पाहिजे. कोंबड्यांची संख्या, खुराड्याची जागा, पिल्ले आणण्याचा महिना हे सर्व त्यावरून ठरते. आम्ही हा क्रम उलटा केला होता. पहिल्याच वर्षी साठ पिल्ले आणली आणि पहाटेपासून रात्रीपर्यंतचे काम नकळत नऊ वर्षांच्या मुलीच्या अंगावर पडले. पुढच्या वर्षी आम्ही बारा कोंबड्यांवर आलो आणि तेव्हापासून त्यांचा घराला खरा उपयोग होऊ लागला.

आधी आकडा

तीन लेकरांना आठवड्यातून चार दिवस प्रत्येकी एक अंडे द्यायचे म्हटले, तर वर्षाला ६२४ अंडी लागतात. वनराजसारखी सुधारित कोंबडी परसात मोकळी फिरून, वरून थोडे खाद्य मिळाल्यास वर्षाला साधारण शंभर अंडी देते आणि ग्रामप्रिया त्याहून बरीच जास्त देते. गावठी कोंबडी मात्र साठ-सत्तरच्या आसपास थांबते. म्हणजे दहा-बारा कोंबड्या आणि एक कोंबडा एवढ्यावर लेकरांचा वाटा निघून आजी-आजोबांना, पाहुण्यांना आणि थोड्या विक्रीलाही अंडी उरतात. पिल्लांमध्ये नर-मादी साधारण निम्मे-निम्मे निघतात आणि काही पिल्ले मरतातही. म्हणून सुरुवात पंचवीस पिल्लांनी करावी.

बारा कोंबड्यांना उन्हाळ्यात रोज पाच-सहा लिटर पाणी लागते. ज्या गावाला फेब्रुवारीपासून टँकरची वाट पाहावी लागते, तेथे हे पाणी डोक्यावरून कोण आणणार, याचे उत्तर "लेकरे" असे येत असेल, तर संख्या सहावर आणावी.

जातींबाबत थोडक्यात सांगतो. वनराज आणि ग्रामप्रिया या हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने परसातल्या पालनासाठी तयार केलेल्या जाती आहेत, तर गिरिराज कर्नाटकातील आहे. त्या रंगीत असल्यामुळे घारीच्या नजरेत पांढऱ्या कोंबडीइतक्या भरत नाहीत आणि अंडीही बरी देतात. पण त्या सहसा खुडूक होत नाहीत, म्हणजे अंडी उबवायला बसत नाहीत. अंडी उबवून पिल्ले काढण्यासाठी गावठी कोंबडीच लागते. म्हणून दहा सुधारित आणि दोन गावठी हा मेळ मला सर्वांत चांगला वाटतो. सुधारित कोंबड्यांच्या पुढच्या पिढीत आईचे सगळे गुण उतरत नाहीत, ही गोष्ट आधीच लक्षात ठेवावी. पिल्ले शासनाच्या छत्रपती संभाजीनगर येथील अंडी उबवणी केंद्रातून किंवा खात्रीच्या खासगी केंद्रातून घ्यावीत आणि नोंदणी महिना-दीड महिना आधी करावी. आठवडी बाजारातून पिल्ले घेऊ नयेत. तेथे दहा गावांचे पक्षी एका पाटीत आलेले असतात आणि मानमोडी हा कोंबड्यांचा जीवघेणा रोग बहुतेक वेळा याच वाटेने घरात शिरतो.

पोळ्याच्या आसपास पिल्ले आणावीत

मराठवाड्याचे हवामान पाहता पिल्ले आणण्याचा उत्तम काळ पोळ्याच्या आसपासचा आहे. रात्री फार थंड नसल्याने उबेचा खर्च कमी येतो. पिल्ले सहा-सात आठवड्यांची होऊन बाहेर पडतात, तेव्हा पाऊस ओसरलेला असतो आणि थोड्याच दिवसांत दिवाळीची सुटी लागून लेकरे राखणीला घरी असतात. पहिली अंडी साडेपाच-सहा महिन्यांनी, म्हणजे होळीच्या आगेमागे मिळू लागतात. पिल्ले दिवाळीनंतर आणली, तर अंड्यावर येण्याची वेळ नेमकी एप्रिल-मेच्या ४२ अंशांत येते आणि पहिला हंगाम वाया जातो.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी मात्र पोळ्याची वाट पाहू नये. बीड जिल्ह्यातील अनेक घरांत दसरा-दिवाळीनंतर आई-वडील कारखान्याच्या वाटेला लागतात आणि लेकरे आजी-आजोबांजवळ राहतात. अशा घरांनी आषाढाच्या सुरुवातीस पिल्ले आणावीत, म्हणजे आठव्या आठवड्याची महत्त्वाची लस आई-वडील घरी असतानाच टोचून होते. मागे ठेवायच्या कोंबड्या सहापेक्षा जास्त नसाव्यात. आजी सत्तरीची आणि नात आठ वर्षांची असेल, तर त्या दोघींना पेलेल एवढेच काम मागे ठेवणे योग्य.

खुराडे

बारा-तेरा पक्ष्यांना रात्री बसण्यासाठी सहा फूट लांब आणि चार फूट रुंद खुराडे पुरेसे होते. लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन लांब बाजूवर न पडता आखूड बाजूवर पडते. जमिनीपासून दीड-दोन फूट उंच ओटा किंवा लाकडी चौकट करून त्यावर खुराडे ठेवले, तर पावसाळ्यात ओल चढत नाही आणि मुंगसालाही शिरणे अवघड जाते. जाळी अर्ध्या इंचाची घ्यावी. कोंबड्यांसाठी म्हणून मिळणाऱ्या मोठ्या छिद्रांच्या जाळीने कोंबडी आत राहते, पण साप आणि मुंगूस बाहेर राहत नाहीत. वर पत्रा असेल तर त्यावर तुराट्या किंवा उसाचे पाचट यांचा वीतभर थर द्यावा. आत गोल दांडे असावेत आणि अंडी घालण्यासाठी कोंबडीला जरा अंधारा कोपरा हवा असतो, म्हणून दर चार-पाच कोंबड्यांमागे कडब्याचा चुरा घातलेली एक पाटी किंवा जुने घमेले ठेवावे.

घरात लेकरे असल्यामुळे खुराड्यात आणखी दोन गोष्टी कराव्या लागतात. अंडी काढण्याचे दार वेगळे आणि आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या छातीच्या उंचीवर असावे, म्हणजे त्याला आत वाकून विष्ठेत हात घालावा लागत नाही. मुख्य दाराची कडी मात्र तीन वर्षांच्या मुलाचा हात पोहोचणार नाही इतकी उंच असावी. खुराडे स्वयंपाकघर आणि पिण्याच्या पाण्याचा माठ यांपासून निदान पंधरा-वीस पावले दूर असावे, पण ओसरीवरून दिसले पाहिजे. खुराड्याजवळ धान्य सांडले की उंदीर येतात आणि उंदरांमागे नाग किंवा घोणस येते. त्यामुळे खाद्य झाकणाच्या पत्र्याच्या डब्यातच ठेवावे, सभोवती पऱ्हाट्यांचा ढीग रचू नये आणि अंधार पडल्यावर कोणत्याही लेकराला खुराड्याकडे पाठवू नये. पाटीत हात घालण्याआधी काठीने कडबा हलवून पाहायचा, ही सवय लेकरांना पहिल्या दिवसापासून लावावी. साप चावलाच, तर झाडपाला किंवा मांत्रिक यांत वेळ न घालवता, चावलेला अवयव न हलवता, १०८ क्रमांकावर गाडी बोलवून थेट दवाखाना गाठावा.

पहिले तीन आठवडे

पिल्ले येण्याच्या आदल्या दिवशी सर्व तयारी झालेली असावी. पंचवीस पिल्लांसाठी पुठ्ठ्याचे किंवा पत्र्याचे दीड फूट उंचीचे, तीन-साडेतीन फूट व्यासाचे गोल कडे करावे. कोपरा राहिला तर पिल्ले त्यात एकमेकांवर चढून गुदमरतात, म्हणून कडे गोलच हवे. खाली दोन-तीन इंच भाताचे तूस किंवा भुईमुगाची कोरडी टरफले पसरावीत. टरफलांना बुरशीचा वास येत असेल तर ती मुळीच वापरू नयेत. पहिले तीन-चार दिवस त्यावर वर्तमानपत्र अंथरावे, म्हणजे पिल्ले भुसा खात नाहीत.

उबेसाठी पिल्लामागे दोन वॅट असा हिशेब धरून ६० वॅटचा जुन्या पद्धतीचा पिवळा दिवा लावावा. एलईडी दिव्याने उजेड पडतो, पण ऊब मिळत नाही. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर सुमारे ३५ अंश सेल्सिअस तापमान हवे आणि पुढे दर आठवड्याला ते तीन अंशांनी कमी करत न्यावे. तापमापक नसला तरी पिल्लांच्या बसण्यावरून सर्व कळते. दिव्याखाली गोळा होऊन चिवचिवत असतील तर त्यांना थंडी वाजते. कडेला जाऊन चोच उघडी ठेवून धापा टाकत असतील तर ऊब जास्त होते. कड्यात सगळीकडे सारखी पसरून शांत बसली असतील तर तापमान योग्य आहे. हे ओळखण्याचे काम सात-आठ वर्षांचे मूलही उत्तम करते. आमच्या मुलीने एका रात्री "पिल्लं लई जवळ जवळ बसलीत" असे सांगितले म्हणूनच दिवा उडाल्याचे आम्हाला वेळेवर कळले.

दिव्याची जोडणी मात्र मोठ्यांनीच करावी. होल्डर सैल, वायर उघडी आणि खाली वाळलेले तूस, हा आगीचा आणि शॉकचा उघड धोका आहे. दिवा वायरने न लोंबवता साखळीने किंवा तारेने घट्ट बांधावा आणि लेकरांनी त्याला हात लावायचा नाही हे स्पष्ट सांगावे. रात्री वीज गेल्यास बंद खोलीत शेगडी पेटवू नये, कारण कोळशाच्या धुराने पिल्ले मरतात आणि त्याच खोलीत झोपलेल्या माणसांच्याही जिवावर बेतते. त्याऐवजी बाटल्यांत गरम पाणी भरून, फडक्यात गुंडाळून कड्यात ठेवाव्यात आणि वरून पोते असे टाकावे की हवा खेळती राहील.

प्रवासातून आलेल्या पिल्लांना आधी पाणी द्यावे. लिटरभर पाण्यात दोन-तीन चमचे गूळ विरघळवून प्रत्येक पिल्लाची चोच एकदा त्यात हलकेच बुडवावी, म्हणजे पाणी कुठे आहे हे त्याला कळते. दोन-तीन तासांनी कागदावर मक्याचा बारीक भरडा टाकावा आणि दुसऱ्या दिवसापासून पिल्लांचे तयार खाद्य द्यावे. पाण्याचे भांडे उथळ असावे आणि त्यात दोन-चार गोटे ठेवावेत, नाहीतर पिल्ले बुडतात. शेपटीखाली विष्ठा चिकटून वाळली असेल, तर कोमट पाण्याच्या कापसाने ती पुसून काढावी.

लेकरांचा हात आणि कोंबडीचा अंगसंग

पिल्ले दिसायला गोजिरवाणी असतात आणि लेकरे त्यांना गालाशी धरतात. निरोगी दिसणाऱ्या पिल्लाच्या अंगावर आणि विष्ठेतही साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. त्यांच्यामुळे जुलाब, ताप आणि पोटात कळा येतात आणि पाच वर्षांखालील मूल किंवा वयस्कर माणूस त्यात फार लवकर खालावते. यासाठी कोंबड्या लेकरांपासून तोडण्याची गरज नाही, काही नियम मात्र घरात सर्वांना सारखे असावेत. पिल्लू तोंडाजवळ न्यायचे नाही, खुराड्याजवळ काही खायचे नाही, पिल्लू अंथरुणात किंवा स्वयंपाकघरात आणायचे नाही, खुराड्यासाठी वेगळी चप्पल ठेवायची आणि कोंबडी, अंडे, पाण्याचे भांडे यांपैकी कशालाही हात लागल्यावर साबणाने निदान वीस सेकंद हात धुवायचे. राखेने किंवा मातीने हात घासण्याची जुनी सवय येथे सोडावी. खुराड्याकडून घराकडे येणाऱ्या वाटेवरच बादली, तांब्या आणि दोरीला बांधलेला साबण ठेवला, तर रोज ओरडावे लागत नाही. पाच वर्षांखालील मुलांनी पिल्ले हातात न घेता मोठ्यांच्या मांडीवर बसून पाहावीत हे चांगले.

कोंबडी धरायला शिकवावे लागते. मागून धावत जाऊन पाय ओढणारे मूल कोंबडीलाही दुखावते आणि स्वतःही ओरखडून घेते. संध्याकाळी कोंबडी दांड्यावर बसली की दोन्ही हात पंखांवरून घेऊन तिला उचलावे, पोटाशी धरावे आणि चेहऱ्यापासून दूर ठेवावे. पिल्ले असलेली कोंबडी आणि माजलेला कोंबडा यांच्याजवळ लहान मुलांना एकटे सोडू नये, कारण त्यांची चोच आणि कोंबड्याच्या पायामागचा काटा नेमका मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर येतो. माणसांवर धावून येणारा कोंबडा कितीही देखणा असला तरी घरात ठेवू नये.

कोणाचे काम काय

चौदा वर्षांखालील मुलाने घरच्या कामात शाळेच्या वेळेनंतर आणि सुटीत हात लावण्यास कायद्याची मुभा आहे. मात्र ते काम धोक्याचे नसावे, अशी अट आहे. मी घरात याहून कडक नियम पाळतो. शाळेच्या दिवशी कोंबड्यांचे काम एका लेकराला मिळून अर्ध्या तासापेक्षा जास्त नाही, परीक्षेच्या आठवड्यात मुळीच नाही, आणि काम मुलगा-मुलगी पाहून नव्हे, तर वय पाहून दिले जाते. आमच्या भागात अंडी गोळा करणे, झाडणे हे मुलीचे आणि बाजारात विकून पैसे मोजणे हे मुलाचे, अशी वाटणी सहज होते. ती मोडावी. अंडी वाढतानाही तोच भेद होतो, म्हणून आई-वडिलांनी स्वतः लक्ष घालून मुलीच्या ताटात अंडे पडते ना हे पाहावे.

तीन-चार वर्षांचे मूल आजीच्या शेजारी उभे राहून मूठभर ज्वारी टाकू शकते. एवढे काम त्याला पुरेसे असते आणि त्यात त्याला मोठा आनंद असतो. सहा-सातव्या वर्षी मोठ्यांसोबत अंडी गोळा करता येतात. आठ ते दहा वर्षांच्या लेकराला पाण्याची भांडी धुऊन भरणे, संध्याकाळी कोंबड्या मोजून दार लावणे आणि वहीत नोंद करणे ही तीन कामे देता येतात. त्यातले मोजणे सर्वांत महत्त्वाचे, कारण एखादी कोंबडी कमी भरली तर ती उजेड असेपर्यंतच सापडते. अकरा-बारा वर्षांचे मूल वजनकाट्यावर खाद्याची मापे घेऊन मिश्रण करते. तोंडाला फडके बांधून तूस वर-खाली हलवण्याचे कामही त्याला जमते. लस देताना पक्षी धरणे, महिन्याचा जमाखर्च मांडणे हे त्यापुढचे. विष्ठेचे खत भरणे, औषध फवारणे, मेलेला पक्षी पुरणे आणि विजेचे काम ही कामे कोणत्याही वयाच्या लेकराला देऊ नयेत.

वहीबद्दल थोडे विस्ताराने सांगतो, कारण तिने आमच्या घरात गणिताच्या पुस्तकापेक्षा जास्त शिकवले. एका पानावर महिना, आडवे रकाने तारखेचे आणि उभ्या रकान्यांत अंडी, खाद्य, मेलेले किंवा आजारी पक्षी आणि घरात खाल्लेली अंडी. चौथीतली मुलगी महिन्याची सरासरी काढते आणि थंडीत दिवस लहान झाल्यावर अंडी का घटली हे विचारते. कोंबडीला अंड्यासाठी चौदा-पंधरा तासांचा उजेड लागतो हे तिला तेव्हा सांगितले की ते कायम लक्षात राहते. अंडे पाण्यात टाकून पाहण्याचा प्रयोगही लेकरांकडून करून घ्यावा. ताजे अंडे तळाशी आडवे पडते, जुने उभे राहते आणि फार जुने तरंगते, कारण कवचातून पाणी उडून आतली हवेची पोकळी वाढलेली असते.

खाद्य : घरचे काय चालते आणि काय नाही

मोकळ्या फिरणाऱ्या मोठ्या कोंबडीला किडे, गवत, सांडलेले धान्य मिळते. तरी वरून रोज चाळीस-पन्नास ग्रॅम खाद्य द्यावेच लागते. दहा किलो मिश्रणासाठी सहा किलो ज्वारी किंवा मक्याचा भरडा, दोन किलो सोयाबीनची पेंड, एक किलो गव्हाचा कोंडा, सातशे ग्रॅम शिंपल्यांचा चुरा, पाव किलो खनिज मिश्रण आणि तीस ग्रॅम मीठ घ्यावे. बारा कोंबड्यांना हे सोळा-सतरा दिवस पुरते. हे मिश्रण अंड्यावर आलेल्या कोंबड्यांसाठीच आहे. वाढीच्या पक्ष्यांना एवढे कॅल्शियम सोसत नाही, म्हणून त्यांच्यासाठी शिंपल्यांचा चुरा वगळावा. घरातील अंड्यांची टरफले भाजून, बारीक चुरून शिंपल्यात मिसळता येतात. ती अख्खी टाकल्यास मात्र कोंबड्यांना अंडी फोडून खाण्याची खोड लागते.

आपल्याकडे सोयाबीन घरात असते, म्हणून ते कच्चेच भरडून टाकण्याचा मोह होतो. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचे पचन अडवणारा घटक असतो आणि त्याने पिल्लांची वाढ खुंटते. चांगले भाजून किंवा उकडून वाळवल्यावरच ते द्यावे. पावसात भिजून काळी पडलेली ज्वारी, बुरशी आलेला मका आणि पेरणीतून उरलेले औषध लावलेले रंगीत बियाणे कोंबडीला कधीही घालू नये. बुरशीचे विष आणि बियाण्याचे औषध कोंबडीतून अंड्यात आणि अंड्यातून लेकरांच्या पोटात जाण्याचा धोका असतो. सरकी आणि सरकीची पेंडही टाळावी.

कपाशी आणि तुरीवर फवारणी चालू असते, त्या दिवसांत कोंबड्यांना त्या रानात सोडू नये, कारण मेलेल्या अळ्या त्या आवडीने टिपतात. लेकरांनाही त्याच दिवसांत रानातून दूर ठेवायचे असल्याने आम्ही दोघांसाठी एकच नियम ठेवला आहे. फवारणीची तारीख वहीत लिहायची आणि आठवडाभर कोंबड्या व लेकरे घराच्या बाजूलाच ठेवायची. औषधाच्या रिकाम्या डब्यात पाणी ठेवण्याची पद्धत अजूनही दिसते. ती ताबडतोब बंद झाली पाहिजे.

लस आणि आजार

परसातल्या कोंबड्या मरतात त्या बहुधा मानमोडीने, म्हणजे राणीखेत रोगाने. मान पिळवटणे, हिरवट पातळ विष्ठा, धाप लागणे ही लक्षणे दिसू लागली की उपचार उरत नाही, आणि चार-आठ दिवसांत गल्लीभर खुराडी रिकामी होतात. लस मात्र स्वस्त आणि खात्रीची आहे. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा या मानमोडीच्या लसीचा एक थेंब डोळ्यात, चौदाव्या दिवशी गंबोरो या दुसऱ्या रोगाची लस, चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा, सहाव्या-सातव्या आठवड्यात पंखाच्या पडद्यात देवीची लस आणि आठव्या आठवड्यात आर-टू-बी हे मानमोडीचेच इंजेक्शन, असा क्रम आहे. स्थानिक पशुवैद्यकांनी त्यात बदल सुचवला तर तो मानावा. पोळ्याला आणलेल्या पिल्लांचा आठवा आठवडा दिवाळीच्या आसपास येतो.

लसीची एक कुपी शंभर किंवा त्याहून अधिक पक्ष्यांची असते आणि विरघळवल्यावर ती दीड-दोन तासांत वापरावी लागते. म्हणून पाच-सहा घरांनी एकाच दिवशी लसीकरण ठरवावे. लस दुकानापासून घरापर्यंत बर्फाच्या थर्मासमध्येच आणावी. खिशात घालून आणलेली लस टोचूनही उपयोग होत नाही आणि मग "लस देऊनही मेल्या" अशी तक्रार ऐकू येते. पक्षी खुराड्यात असताना भल्या पहाटे काम उरकावे. नवीन आणलेली कोंबडी तीन आठवडे वेगळी ठेवल्याशिवाय जुन्यांत सोडू नये.

पावसाळ्यात तूस ओले राहिले तर पिल्लांना रक्ताची हगवण लागते. रोज तूस हलवणे, ओला भाग काढून टाकणे आणि पाण्याच्या भांड्याखाली वीट ठेवणे हा त्यावरचा पहिला उपाय, आणि औषध पशुवैद्यकाला विचारून. उवा-पिसवांसाठी राख आणि कोरडी माती समप्रमाणात घातलेला खड्डा कोंबड्यांना लोळायला करून द्यावा.

अचानक एकाच दिवसात अनेक पक्षी मेले, तर ते कापू नयेत, विकू नयेत आणि ओढ्यात टाकू नयेत. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे शेकडो कोंबड्या दगावल्या आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला. जानेवारी २०२५ मध्ये उदगीरला कावळ्यांमध्ये तोच रोग आढळला. लेकरांना सर्वप्रथम दूर करावे, त्यांना मेलेला कावळा किंवा कोंबडी हाताळू देऊ नये आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला किंवा १९६२ या क्रमांकावर कळवावे. एखाद-दुसरा पक्षी नेहमीच्या कारणाने मेला, तर हाताला पिशवी बांधून तीन फूट खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावा.

विक्री, सुरी आणि लेकरांचे मन

पंचवीस पिल्लांतले दहा-बारा नर चार-पाच महिन्यांत विकावे किंवा कापावे लागणार, हे लेकरांना पहिल्याच दिवशी सांगावे. "पाहुण्यांकडे गेला" असे सांगून कोंबडा कापला की लेकराला ते कधी ना कधी कळतेच, आणि मग आई-वडिलांच्या पुढच्या शब्दावर त्याचा विश्वास राहत नाही. आमच्याकडे नावे फक्त राहणाऱ्या कोंबड्यांना ठेवतात, जाणाऱ्या कोंबड्यांना नाही. हा नियम लेकरांनीच केला. कापताना पाहण्याची सक्ती करू नये आणि ज्याला ते मटण खायचे नाही त्याला चिडवू नये. घारीने पिल्लू नेले तर लेकरे रडतात, तेव्हा त्यांना रडू द्यावे. माळकरी घरात अंडीसुद्धा चालत नसतील, तर नर विकण्याचे आणि अंड्यांचे काय करायचे हे आजोबांशी बोलून आधी ठरवावे. घरात रोज तंटा होणार असेल, तर त्यापेक्षा कोंबड्या न पाळलेल्या बऱ्या.

अंडी लेकरांना पूर्ण शिजवूनच द्यावीत, पिवळा बलक घट्ट होईपर्यंत. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम उत्तम प्रथिने असतात. सहा महिने पूर्ण झालेल्या बाळालाही शिजवलेले अंडे कुस्करून थोडे थोडे सुरू करता येते. पहिल्या वेळी अंगावर पुरळ किंवा उलटी होते का हे पाहावे.

उन्हाळा

मार्चअखेरपासून कोंबड्यांचा दिवस बदलावा. खाद्य पहाटे आणि सूर्य कलल्यावरच द्यावे, दुपारी फक्त पाणी. पाण्यासाठी मातीची परळे कडुनिंबाच्या किंवा चिंचेच्या सावलीत दोन-तीन ठिकाणी ठेवावीत आणि दुपारी एकदा पाणी बदलावे. खुराड्याच्या पश्चिमेला ओले पोते बांधावे. चोच उघडी, पंख लोंबलेले आणि डोळे मिटलेले दिसले, तर कोंबडीला सावलीत नेऊन पाय आणि तुरा ओला करावा, साखर-मिठाचे पाणी थेंब थेंब पाजावे. दुपारी बारा ते चार या वेळेत लेकरांनाही खुराड्याकडे पाठवू नये, हे काम मोठ्यांनी करावे. अंडी दिवसातून दोनदा गोळा करून, न धुता, ओल्या वाळूवर ठेवलेल्या मडक्यात घालावीत आणि पाच-सहा दिवसांत संपवावीत.

खुडूक कोंबडी बसवणे

दुसऱ्या वर्षी पिल्ले विकत आणण्याऐवजी घरच्या गावठी कोंबडीखाली काढावीत. कोंबडी पाटीतून उठेनाशी झाली, पिसे फुलवून गुरगुरू लागली की ती खुडूक झाली असे समजावे. दोन दिवस तिला तशीच बसू द्यावी, मग रात्री तिच्याखाली दहा-बारा अंडी सरकवावीत. अंडी आठवड्यापेक्षा जुनी नसावीत, मध्यम आकाराची आणि न धुतलेली असावीत. उन्हाळ्यात मात्र तीन-चार दिवसांपेक्षा जुनी अंडी घेऊ नयेत. कोंबडी दिवसातून एकदा पंधरा-वीस मिनिटे उठते, त्या वेळी दाणा-पाणी जवळच असावे आणि लेकरांनी तिला हुसकू नये.

सातव्या रात्री अंधारात मोबाइलच्या टॉर्चवर अंडे धरून पाहावे. यासाठी लेकरांना जरूर जागे ठेवावे. जिवंत अंड्यात कोळ्यासारखा काळा ठिपका आणि त्यापासून पसरलेल्या तांबड्या शिरा दिसतात. स्वच्छ दिसणारे अंडे रिकामे असते, ते काढून घ्यावे. एकविसाव्या दिवशी कवचाला चीर पडते. पिल्लू बाहेर यायला कित्येक तास लागतात. त्या वेळात कवच सोलून मदत करण्याची घाई लेकरांना होते, पण ती करू देऊ नये, कारण आतील रक्तवाहिन्या आटण्याआधी कवच ओढले तर पिल्लू रक्त जाऊन मरते. सर्व पिल्ले कोरडी होईपर्यंत कोंबडीला उठवू नये, रिकामी टरफले मात्र हलक्या हाताने काढत राहावीत. एकविसावा दिवस उलटून दोन दिवस झाले तरी न फुटलेली अंडी पुरून टाकावीत आणि किती बसवली, किती फुटली, किती जगली हे तीन आकडे त्याच संध्याकाळी वहीत लिहून घ्यावेत.